जुन्या तृणकर्तन यंत्राचे विद्युत-परिवर्तन

यंत्राची चौकट, चाके, गिअर आणि पाती सुस्थितीत आहेत, पण त्याचे अंतर्ज्वलन इंजिन थकले आहे, अशी स्थिती अनेक जुन्या यंत्रांची असते. अशा यंत्रातील इंजिन, इंधनटाकी व धूरनळी काढून त्यांच्या जागी विद्युत मोटार, बॅटरी आणि नियंत्रक बसवणे म्हणजे विद्युत-परिवर्तन. या लेखात आसनी तृणकर्तन यंत्राच्या, म्हणजे चालकाने वर बसून चालवायच्या गवत कापणी यंत्राच्या परिवर्तनाचा विचार केला आहे. यंत्र लहान आहे, त्याचे सर्व भाग डोळ्यांसमोर असतात आणि ते रस्त्यावर धावत नाही. त्यामुळे परिवर्तनाचे शास्त्र समजून घेण्यासाठी याहून सोयीचे यंत्र नाही.

आपल्याकडे ही यंत्रे गोल्फची मैदाने, क्रिकेटची मैदाने, कारखान्यांचे आवार आणि मोठी फार्महाउस येथे आढळतात. रायगड जिल्ह्यात खारघरचे गोल्फ मैदान आहे. अलिबाग, मांडवा, पेण या पट्ट्यात हिरवळ राखणारी फार्महाउस आहेत. बहुतेक यंत्रे परदेशी बनावटीची असल्याने इंजिनाचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. त्यातच हंगाम संपला की यंत्र कित्येक महिने झाकून ठेवले जाते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुने रबरी भाग फुगवते आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत गंज व चिकटा साठतो. कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडते. पुढच्या मोसमात इंजिन सुरू होत नाही आणि दोनशे किलो वजनाचे, एरवी ठणठणीत असलेले लोखंड भंगारवाल्याकडे जाते.

तृणकर्तन यंत्राचा उगम कापडगिरणीत आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउडच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तेथील एडविन बडिंग या यंत्रकाराने कापडावरचे तंतू एकसारख्या उंचीवर कातरणारे फिरते पाते पाहून तीच रचना गवताला लावली आणि १८३० साली तिचे पेटंट घेतले. प्रथम माणसाने ढकलायची, नंतर घोड्याने ओढायची यंत्रे झाली. १८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स समनर यांनी वाफेवर चालणारे यंत्र केले, तर १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोल इंजिनाचे यंत्र विक्रीस आणले. पुढे आडव्या प्रतलात वेगाने फिरणारी पाती आली आणि आसनी यंत्रांत तीच रूढ झाली. विजेवर चालणारे आसनी यंत्र ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ मध्ये ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा बागेचा विद्युत ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यात ६ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडून ३६ व्होल्टचा दाब मिळवला होता. उत्पादन काही वर्षांतच थांबले, तरी त्यांतली काही यंत्रे हौशी मंडळींनी आजवर चालती ठेवली आहेत. पन्नास वर्षांनंतरही त्यांची चौकट आणि मोटार टिकून आहे, बदलाव्या लागल्या त्या बॅटऱ्या, ही गोष्ट परिवर्तनाचा विचार करणाऱ्याने लक्षात घेण्यासारखी आहे.

विजेकडे वळण्याची प्रेरणा आता कायद्यातूनही येत आहे. लहान इंजिनांचा धूर मोठा असतो, या कारणाने कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून बागकामाच्या नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री २०२४ पासून बंद करण्याचा मार्ग घेतला.

आता यंत्राच्या रचनेकडे वळू. नेहमीच्या आसनी यंत्रात १५ ते २० अश्वशक्तीचे इंजिन असते व त्याचा दंड उभा, खाली तोंड केलेला असतो. त्या दंडावर दोन पुल्या असतात. एक पट्टा मागच्या गिअरपेटीकडे जाऊन चाके फिरवतो. दुसरा पट्टा यंत्राच्या पोटाखालच्या पत्र्याच्या कवचाकडे जातो व त्यातली दोन किंवा तीन पाती फिरवतो. या कवचाला कारागीर डेक म्हणतात. परिवर्तनात हे पट्टे व पुल्या बदलाव्या लागत नाहीत, हीच या यंत्राची मोठी सोय. अशी जोडणी आपल्याकडे नवीही नाही. पेण तालुक्यातील जोहे आणि शेजारचे हमरापूर ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांची गावे आहेत. तेथे मूर्तींच्या रंगकामासाठी लागणारी दाबाची हवा मोटार, पुली व पट्ट्यावर चालणारे कॉम्प्रेसर पुरवतात. ज्या परिसरात मोटार बसवणे, पट्टा ताणणे, वायंडिंग जळाल्याचा वास ओळखणे ही रोजची कामे आहेत, तेथे हे परिवर्तन कारागिराच्या आवाक्याबाहेरचे नाही. नवे शिकायचे आहे ते एकदिश प्रवाहाचे आणि बॅटरीचे शास्त्र.

या कामात सर्वांत जास्त चुका शक्तीच्या हिशेबात होतात, म्हणून तो सविस्तर मांडणे इष्ट आहे. १७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १२.७ किलोवॅट. तेवढीच मोटार हवी असा समज होतो; तो चुकीचा आहे. इंजिनावर लिहिलेली शक्ती ही कमाल फेऱ्यांवरची असते, आणि गवताचा दाट पुंजका आल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून ते गरजेपेक्षा बरेच मोठे घेतलेले असते. विद्युत मोटार मात्र थोड्या वेळासाठी आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक शक्ती देऊ शकते. म्हणून प्रत्यक्षात लागणारी शक्तीच मोजावी.

चालक धरून यंत्राचे वजन ३०० किलो मानू. हिरवळीवर चाकांना होणारा रोध वजनाच्या साधारण आठ टक्के धरला, तर तो सुमारे २३५ न्यूटन होतो. ताशी ६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.६७ मीटर वेगाने त्यावर मात करण्यास सुमारे ४०० वॅट पुरतात. दहात एक असा चढ आला तर आणखी ५०० वॅटच्या आसपास लागतात. पट्टा व गिअरमधील घट धरूनही चाकांचा वाटा लहानच राहतो. खरी शक्ती खातात ती पाती. ती गवत कापतात त्याहून अधिक हवा ढकलतात. पात्याच्या मागच्या कडेला असलेला उंचवटा पंख्याचे काम करतो, गवत उभे करतो आणि कापलेले बाहेर फेकतो. १०७ सेंटीमीटर रुंदीच्या डेकला कोरड्या गवतात अडीच ते चार किलोवॅट लागतात. सगळे मिळून सरासरी चार किलोवॅट हा आकडा हिशेबासाठी योग्य आहे.

त्यावरून क्षेत्राचा हिशेब निघतो. ओळी एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, म्हणून कामाची रुंदी ९५ सेंटीमीटर धरावी. ताशी ५ किलोमीटर वेगाने तासाला ४,७५० चौरस मीटर होतात; वळणे व अडथळे यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला तर ३,८००, म्हणजे एकराहून थोडे कमी. थोडक्यात, एका एकराला एक तासाहून किंचित जास्त वेळ आणि चार ते साडेचार युनिट वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते, पण लहान इंजिन तिच्यातील पाचवा हिस्साच दंडापर्यंत पोचवते. म्हणजे तेवढ्याच कामाला दोन लिटरांहून अधिक पेट्रोल जळते. आपल्या वीजबिलावरचा दर घेऊन वाचकाने ही तुलना स्वतः करून पाहावी.

विद्युत दाब किती घ्यावा, हा पुढचा प्रश्न. चार किलोवॅटसाठी १२ व्होल्टवर ३३३ अँपिअर, २४ व्होल्टवर १६७ अँपिअर, तर ४८ व्होल्टवर ८३ अँपिअर प्रवाह लागतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की तीच तार चौथा हिस्सा तापते. दाब फार वाढवला तर मात्र विजेच्या धक्क्याचा धोका वाढतो. एकदिश प्रवाहाच्या ६० व्होल्टपर्यंतच्या वाहनमंडलांना तुलनेने सौम्य वर्गात धरतात. या दोन्ही बाजू पाहता ४८ व्होल्टची निवड सर्वांत समंजस ठरते, आणि ई-रिक्षांच्या प्रसारामुळे त्या दाबाची मोटार, नियंत्रक व चार्जर आता आपल्याकडे सहज मिळतात.

मोटारींचे चार वर्ग येथे विचारात येतात. एकसरी गुंडाळीची जुनी मोटार जोरकस असते, पण भार सुटला की तिचा वेग अनावर वाढतो. पट्टा तुटला तर ती स्वतःलाच फोडून घेऊ शकते. म्हणून या कामात ती टाळावी. कायमचुंबकी कार्बन-ब्रशची मोटार सोपी व स्वस्त आहे. कायमचुंबकी ब्रशविरहित मोटार, म्हणजे बाजारातली बीएलडीसी, कार्यक्षम असून तिला देखभाल जवळजवळ नाही. प्रवर्तन मोटार दणकट, पण वजनदार. बीएलडीसी घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र तिचे खोके पाण्यापासून जपलेले हवे.

मोटार बसवण्याचे काम धीराचे आहे. इंजिनाचे बोल्ट काढले की चौकटीवर एक मोठे भोक आणि भोवती चार छिद्रे राहतात. त्यावर आठ ते दहा मिलीमीटर जाडीची पोलादी पट्टिका बसवून तिच्यावर मोटार उलटी, दंड खाली करून जोडतात. परदेशी इंजिनांचा दंड बहुधा एक इंची, म्हणजे २५.४ मिलीमीटरचा असतो आणि मूळ पुल्या त्याच मापाच्या असतात. आपल्या बाजारातल्या मोटारीचा दंड मिलीमीटरच्या मापाचा. म्हणून लेथवर बुश करून घ्यावा लागतो आणि त्यात चावीची खाच बरोबर बसवावी लागते. हा बुश अर्धा मिलीमीटर जरी ढिला राहिला तरी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर यंत्र थरथरते व चावी कापली जाते. पुलीची उंची मूळ इंजिनातल्या उंचीइतकीच हवी. सरळ पोलादी पट्टी दोन्ही पुल्यांच्या कडांना लावून पाहावी. प्रकाशाची फट दिसली तर पट्टिकेखाली वॉशर घालून ती मिटवावी. हे न केल्यास पट्टा आठवडाभरात कडेने उसवतो.

फिरण्याची दिशा मूळ इंजिनाचीच असली पाहिजे. पाते उलटे फिरले तर धारेऐवजी उंचवट्याची बाजू पुढे येते आणि गवत कापले न जाता झोडपले जाते. वेगाची मर्यादाही पाळावी. ५३ सेंटीमीटरचे पाते मिनिटाला ३,४०० फेऱ्या घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९५ मीटरच्या आसपास असतो, आणि अमेरिकी सुरक्षा मानकाने ठरवलेली मर्यादा याच्या जेमतेम वर आहे. वेग वाढवण्यात लाभ नाही, कमी करण्यात आहे: हवा ढकलण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी उतरवला की तो खर्च सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. कोरड्या हिरवळीवर कापणीत फरक पडत नाही.

बॅटरीच्या बाबतीत आपल्याकडे पहिला विचार येतो तो घरातल्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीचा. ती येथे योग्य नाही. १५० अँपिअर-तासांची क्षमता वीस तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते. तासाभरात ओढून घेतली तर हाती बरीच कमी लागते. शिवाय निम्म्याहून अधिक वापरली की आयुष्य झपाट्याने घटते, आणि चार बॅटऱ्यांचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते. एवढ्या भाराने ओल्या हिरवळीवर चाकोऱ्या उमटतात. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे घट, म्हणजे सेल, अधिक योग्य. प्रत्येकी ३.२ व्होल्टचे सोळा घट एकसरीत जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांच्या अशा मालेत ५.१२ युनिट ऊर्जा मावते. तिच्यातील ऐंशी टक्के वापरली तर सुमारे एक एकर कापून होतो. इतर लिथियम जातींपेक्षा ही जात उष्णतेला अधिक स्थिर आहे. मात्र प्रत्येक घटाचा दाब पाहणारे व्यवस्थापन मंडल, ज्याला बाजारात बीएमएस म्हणतात, त्याच्याशिवाय ती कधीही वापरू नये. पूर्ण भारणाचा दाब ५८.४ व्होल्ट, त्यासाठीचाच चार्जर घ्यावा. २० अँपिअरचा चार्जर पाच तासांत काम उरकतो आणि घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर चालतो.

कोकणात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पेण तालुक्यात खाड्या व खारजमिनी आहेत, वर्षाला साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि हवेत क्षार असतात. तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज धरतो, जोडाचा रोध वाढतो आणि ८० अँपिअर प्रवाहाला तोच जोड चुलीसारखा तापतो. म्हणून कलई केलेले तांब्याचे लग वापरावेत, ते पक्कडीने चेपण्याऐवजी हायड्रॉलिक क्रिम्परने दाबावेत, वर गोंदयुक्त आकुंचन-नळी चढवावी आणि पहिल्या तासाच्या कामानंतर यंत्र थांबवून जोड तपासावेत. तार २५ ते ३५ चौरस मिलीमीटरची घ्यावी. पावसाळ्यात डेकखाली चिकटलेले गवत खरवडावे, पण नळाच्या जोरकस धारेने यंत्र धुऊ नये. यंत्र महिनोन्महिने ठेवून द्यायचे असेल तर बॅटरी निम्मी भारून ठेवावी.

सुरक्षेच्या रचनेत काटकसर नको. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा, आणि तो एकदिश प्रवाह तोडण्यास समर्थ असा. बदलत्या प्रवाहात ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्याला येते. एकदिश प्रवाहात ती तशी विझत नाही, म्हणून घरातला साधा स्विच येथे कुचकामी ठरतो. नियंत्रकातील धारित्रे एकदम भरली तर मुख्य संपर्कक चिकटून बसतो. त्यासाठी आधी रोधकातून हळू भरण करावे. चालक आसनावरून उठताच पाती थांबली पाहिजेत. पेट्रोल इंजिन बंद केल्यावर त्याचा दाब व घर्षण पात्यांना आवरतात. मोटारीला असा अटकाव नसल्याने पाती बराच वेळ फिरत राहू शकतात. त्यामुळे नियंत्रकात विद्युत-ब्रेकची सोय असणे अनिवार्य मानावे. आणि मोटारीचा आवाज इंजिनाइतका नसतो, म्हणून पाती चालू असल्याची सूचना देणारा दिवा अवश्य लावावा. फार्महाउसवर मुले वावरत असतात.

परिवर्तनाची परंपरा महाराष्ट्रात व भारतात मोठी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पायडलच्या सायकलरिक्षात सुधारणा केल्या आणि तिला विद्युत मोटारही दिली. त्यातून ‘इलेक्शा’ ही विद्युत रिक्षा उभी राहिली. मोटार जोडताना मूळ यंत्रही सुधारा, हा तिचा धडा आजही अनुकरणीय आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०१० मध्ये ‘रेव्होलो’ ही योजना जाहीर केली. तीत जुन्या मोटारगाडीचे इंजिन न काढता तिला बॅटरी व मोटारीची जोड मिळणार होती. शेजारच्या नेपाळात १९९३ मध्ये डिझेलच्या तीनचाकी टेम्पोचे विद्युत-परिवर्तन झाले आणि काठमांडूचा ‘सफा टेम्पो’ जन्मला.

सर्वांत भव्य उदाहरण रेल्वेचे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याने २०१८ मध्ये प्रत्येकी २,६०० अश्वशक्तीच्या दोन जुन्या डिझेल इंजिनांचे मिळून १०,००० अश्वशक्तीचे जोड-विद्युत इंजिन केले. हे काम ६९ दिवसांत झाले. अशा डिझेल इंजिनांची चाके मुळातच विद्युत मोटारी फिरवतात, डिझेल केवळ जनित्र चालवते. म्हणून परिवर्तनाचा मार्ग खुला होता. जोह्याजवळचे हमरापूर स्थानक ज्या पनवेल-रोहा मार्गावर आहे, त्यावरही आज विद्युत तारा आहेत, आणि रोह्यापुढच्या कोकण रेल्वेचे ७४० किलोमीटरचे विद्युतीकरण २० जून २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाले.

कायद्याच्या दृष्टीने तृणकर्तन यंत्र सुटसुटीत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा रस्त्यावर वापरण्याजोग्या वाहनांना लागू होतो. आवारातच चालणाऱ्या यंत्राला नोंदणी नाही, म्हणून परिवर्तनास परवानगीचा प्रश्न येत नाही. दुचाकी वा मोटारगाडी असेल तर गोष्ट वेगळी. अधिनियमाच्या कलम ५२ नुसार मान्यताप्राप्त संचच बसवता येतो, त्याची चाचणी एआयएस-१२३ या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत व्हावी लागते आणि नोंदणीपुस्तकात बदल करून घ्यावा लागतो. घरच्या अंगणात केलेले यंत्र चालले म्हणून त्याच हाताने स्कूटर बदलून रस्त्यावर आणू नये.

प्रत्येक यंत्र परिवर्तनास योग्य नसते. दिवसभर चालणाऱ्या गोल्फ मैदानाच्या यंत्राला बॅटरी पुरत नाही. श्रावणातले गुडघाभर ओले गवत कापायचे असेल तर चार किलोवॅटचा हिशेब कोलमडतो. डेकचा पत्रा गंजून चाळण झाला असेल किंवा गिअरपेटीतून तेल गळत असेल, तर मोटारीवर पैसे घालू नयेत. द्रवचालित गिअरपेटीपेक्षा साध्या दात्यांच्या गिअरपेटीचे यंत्र घ्यावे, कारण पहिलीत ऊर्जा जास्त वाया जाते. एक-दोन एकरांची राखलेली हिरवळ, सौम्य चढ आणि आठवड्याला एक कापणी, अशा ठिकाणी हे परिवर्तन पूर्णतः यशस्वी होते. काढलेले इंजिन, जळके तेल व उरलेले पेट्रोल नाल्यात वा खाडीत टाकू नये. बॅटरी निकामी झाल्यावर ती नोंदणीकृत पुनश्चक्रणकर्त्याकडेच जावी, अशी २०२२ च्या बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियमांची अपेक्षा आहे.

रायगड जिल्ह्यातील आयटीआयचे निदेशक, वेल्डिंगची दुकाने चालवणारे कारागीर आणि फार्महाउसचे व्यवस्थापक यांना एक विनंती करावीशी वाटते. असे यंत्र केले तर त्याची नोंदवही ठेवावी: मोटारीचा दाब व फेऱ्या, कोरड्या व ओल्या गवतात अँपिअर किती गेले, एका भारणात किती गुंठे झाले, पावसाळ्यानंतर कोणता जोड खराब झाला. ही नोंद मराठीत लिहून आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावी.